चाकांची दिंडी

शेकडो किंवा हजारो माणसे एकाच सकाळी, एकाच रस्त्याने, एकाच कामासाठी सायकल चालवतात आणि त्या श्रमाच्या निमित्ताने आपापल्या परिचितांकडून देणगी गोळा करतात, अशा उपक्रमाला या लेखात ‘सेवाफेरी’ असे म्हटले आहे. सायकलस्पर्धेपासून ती वेगळी आहे, कारण तिच्यात कोणी पहिला येत नाही. प्रचारफेरीपासूनही ती वेगळी आहे, कारण तिचे फलित घोषणांत किंवा छायाचित्रांत मोजले जात नसून जमा झालेल्या रुपयांत आणि त्या रुपयांतून उभ्या राहिलेल्या कामात मोजले जाते. मराठवाड्यात, विशेषतः परभणी जिल्ह्यात, सायकल ही अजूनही शाळकरी मुलांची, शेतमजुरांची आणि दूधवाल्यांची गरजेची वस्तू आहे, आणि रस्त्याने एकत्र चालत जाण्याची शिस्त तर येथील माणसाला वारीने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली आहे. तरीही या दोन गोष्टींची सांगड घालून निधी उभारण्याची रीत येथे रुजलेली नाही. ती का रुजली नाही आणि रुजवायची झाल्यास गर्दी, रस्ता व हिशेब या तिन्हींचा विचार कसा करावा लागेल, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रकाराची मुळे इंग्लंड आणि अमेरिकेत आहेत. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन या मैदानापासून समुद्रकाठच्या ब्रायटन शहरापर्यंत जाणारी सुमारे ८७ किलोमीटरची फेरी १९७६ साली थोड्या हौशी मंडळींनी सुरू केली आणि १९८० पासून ती ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या हृदयरोग-संशोधनासाठी निधी देणाऱ्या संस्थेशी जोडली गेली. पुढे तिच्यात एका दिवसात पंचवीस हजारांहून अधिक लोक उतरू लागले. या फेरीच्या शेवटच्या टप्प्यात डिचलिंग बीकन नावाची एक खडी टेकडी लागते. तिची चढण अवघड आहेच, पण सामान्य सहभागी तेथे सायकलवरून उतरून चालू लागतो त्याला चढणीइतकीच गर्दीही कारणीभूत असते, कारण पुढचा एक जण थांबला की त्याच्या मागच्या सर्वांनाच पाय टेकावा लागतो आणि चढावर एकदा टेकलेला पाय पुन्हा पायडलवर चढवणे फार कठीण असते. तरीही लोक दरवर्षी परत येतात. अनोळखी माणसांच्या सोबतीने टेकडी चालत चढण्यातही त्यांना त्या दिवसाचे सार्थक वाटत असावे, असेच मानावे लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली बिली स्टार यांनी ३६ सायकलस्वारांसह ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाची फेरी सुरू केली आणि पहिल्या वर्षी १०,२०० डॉलर जमवून ते बोस्टनच्या कर्करोग रुग्णालयाला, म्हणजे आजच्या डाना-फार्बर संस्थेला दिले. प्रत्येक सहभागी सरासरी २८३ डॉलर, एवढाच तो आरंभ होता. आज त्या एका फेरीने आरंभापासून उभारलेला निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. या वाढीमागील युक्ती साधी आहे. नावनोंदणी करणाऱ्याने केवळ शुल्क भरून चालत नाही, त्याने ठरावीक रक्कम आपल्या नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून उभी करण्याचे वचन द्यावे लागते. या वचनाला इंग्रजीत ‘प्लेज’ म्हणतात. मराठीत त्याला ‘संकल्पनिधी’ म्हणता येईल, कारण धार्मिक कार्याच्या आरंभी हातात पाणी घेऊन केलेल्या संकल्पाचीच ही लौकिक आवृत्ती आहे. देणगीदार संस्थेला ओळखत नसला तरी सायकल चालवणाऱ्याला ओळखतो, आणि ओळखीच्या माणसाने घेतलेल्या श्रमाची किंमत म्हणून तो पैसे देतो.

महाराष्ट्राला सायकलींचा सामूहिक प्रवास मुळीच नवा नाही. बाबा आमटे यांनी २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होत आले होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही शक्य नसल्याने ते वाहनात आडवे होऊन प्रवास करीत आणि शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलने त्यांच्यासोबत जात. १९८८ मध्ये अशीच दुसरी यात्रा अरुणाचल प्रदेशातील इटानगरहून गुजरातेतील ओखापर्यंत निघाली. अलीकडच्या काळात नाशिकच्या सायकलस्वारांनी २०१२ च्या सुमारास पंढरपूरची सायकलवारी सुरू केली, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे ते अंतर तीनेक दिवसांत कापले जाऊ लागले आणि राज्याच्या इतर भागांतील गटांनीही ती वाट धरली. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली, ती आदिवासींच्या नेत्रसेवेच्या कामाकडे समाजाचे लक्ष वेधण्यासाठी.

यांतील प्रत्येक उपक्रम थोर आहे, परंतु ‘भारत जोडो’चे ध्येय ऐक्य होते, सायकलवारीचे ध्येय भक्ती आणि आरोग्य आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत निघणाऱ्या बहुतेक फेऱ्यांचे ध्येय ‘जनजागृती’ हे असते. या शेवटच्या शब्दाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पर्यावरण, मतदान, व्यसनमुक्ती, रस्ता सुरक्षा अशा कोणत्याही विषयावर जनजागृती फेरी निघते, पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात, टी-शर्ट वाटले जातात, तासाभरात सर्व जण घरी परततात, आणि जागृती किती झाली हे कोणालाही मोजता येत नाही. याउलट श्रम आणि निधी यांची सांगड महाराष्ट्रात जेथे नीट बसली, ते ठिकाण म्हणजे २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन. तेथे युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत अनेक स्वयंसेवी संस्थांसाठी दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि धावणारा सामान्य माणूसही आपल्या परिचितांकडे हक्काने देणगी मागतो. मुंबईत धावण्याने जे साधले ते परभणीत सायकलने साधणे अशक्य नाही. किंबहुना परभणीची जमीन त्याला अधिक अनुकूल आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतला हा जिल्हा बहुतांश सपाट काळ्या मातीचा आहे. जिंतूरच्या उत्तरेकडील आणि गंगाखेडच्या दक्षिणेकडील डोंगराळ पट्टे सोडले तर परभणी, मानवत, पाथरी, सेलू, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांत सायकलस्वाराचा दम काढणारी चढण क्वचितच लागते. येथे शत्रू ठरतो तो उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर सामूहिक श्रम करणे धोक्याचेच असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी होतात आणि परभणी राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांत गणली जाते. सेवाफेरीचा हंगाम म्हणून या दोन महिन्यांखेरीज दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

मार्गाचा विचार करताना परभणी ते गंगाखेड हा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता आपोआप डोळ्यांसमोर येतो. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी आषाढाच्या आधी याच रस्त्याने जाते. परभणीचा मुक्काम, वाटेत पोखर्णीच्या नृसिंहाचा परिसर, साधारण मध्यावर दैठणा आणि मग गोदावरी ओलांडून संत जनाबाईंचे गंगाखेड, असा तो क्रम आहे. पांढऱ्या वेशातील सुमारे सातशे वारकरी महिनाभर ज्या रांगांत चालतात त्या रांगा पाहण्यासाठीच गावोगावची माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात, आणि चहा, पाणी, पिठले-भाकरी देणारी घरे कोणत्या वळणावर आहेत हे सोबतच्या मंडळींना वर्षानुवर्षे ठाऊक असते. पाहुणचाराची ही सवय या गावांना कोणी नव्याने लावायची नाही, ती तेथे आहेच.

वारीतून घेण्यासारखी खरी गोष्ट भक्तीइतकीच व्यवस्थेची आहे. दिंडी म्हणजे एका वीणेकऱ्याभोवती आणि एका पताकेखाली चालणारा, एकमेकांना नावाने ओळखणारा गट; ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोहळ्यात रथापुढे २७ आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक दिंड्या क्रमांकाने चालतात आणि कोणतीही दिंडी आपला क्रम सोडत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला चोप, म्हणजे चांदीचा दंड, उंच करतो आणि लाखोंचा समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचे म्हणणे ऐकले जाते, आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही पुकारल्या जातात. गर्दीला आधी लहान गटांत विभागणे, प्रत्येक गटाला जागा देणे, आणि सर्वांना दिसेल व समजेल असा एकच इशारा ठरवणे, ही तीन तत्त्वे ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात सिद्ध झालेली आहेत. परदेशी फेऱ्यांत सहभागींना टप्प्याटप्प्याने सोडण्याची जी पद्धत आहे ती याच तत्त्वावर उभी आहे.

हे तत्त्व सायकलींना लावले तर आकडे काय सांगतात ते पाहणे उपयोगाचे आहे. ताशी १५ किलोमीटर हा सर्वसाधारण माणसाला झेपणारा वेग धरला तर सायकल एका सेकंदात चार मीटरहून थोडे अधिक अंतर जाते, आणि पुढच्याने ब्रेक लावल्याचे लक्षात येऊन हात ब्रेकवर जाण्यात साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे दोन सायकलींमध्ये चार मीटर मोकळे अंतर आणि सायकलीची स्वतःची पावणेदोन मीटर लांबी मिळून प्रत्येक रांगेला जवळजवळ सहा मीटर रस्ता लागतो. दोघादोघांच्या जोड्यांनी एक हजार स्वार निघाले तर पाचशे रांगा होतात आणि त्यांची लांबी तीन किलोमीटर भरते. ती संपूर्ण रांग एखाद्या चौकातून जायला बारा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ रुग्णवाहिका, एस.टी. आणि ऊसवाहू ट्रॅक्टर खोळंबून ठेवणे योग्य नाही. तेच हजार लोक शंभरांच्या दहा गटांत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडले तर प्रत्येक गट सव्वा मिनिटाच्या आत चौक ओलांडतो आणि दोन गटांमधून वाहतूक सुरळीत जाते. डिचलिंगच्या टेकडीवर जी अडचण होते ती या मार्गावर गंगाखेडलगतच्या गोदावरी पुलावर होईल, कारण दोन्ही बाजूंना कठडे असताना पडलेल्या सायकलीला वळसा घालण्यास जागा नसते. म्हणून पुलाच्या अलीकडे विसावा ठेवणे आणि तेथून गट पुन्हा अंतराने सोडणे आवश्यक ठरते.

दाट समूहात सायकल चालवणे हे एकट्याने चालवण्याहून वेगळे कौशल्य आहे. शर्यतीतील स्वार एकमेकांना चिकटून जातात, कारण पुढच्या माणसामुळे हवेचा विरोध कमी होतो. नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या समूहाचा अभ्यास करून दाखवले की आतल्या भागातील स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत केवळ ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो. मात्र हा लाभ ताशी पन्नासच्या आसपास जाणाऱ्या कसलेल्या स्वारांचा आहे, आणि सेवाफेरीत उतरणारी गृहिणी, प्राथमिक शिक्षक किंवा नववीतला मुलगा यांनी त्याच्या मोहात पडू नये. त्यांच्यासाठी नियम थोडे आणि ठाम असावेत: सरळ रेषा सोडू नये, मागे वळून न पाहता हाताने इशारा करावा, खड्डा दिसताच मोठ्याने ‘खड्डा’ असे ओरडावे, चेन उतरली तर डावीकडे रस्त्याखाली उतरूनच थांबावे, आणि मोबाइलवर चित्रण करीत सायकल चालवणाऱ्याला गटप्रमुखाने संकोच न करता बाजूला घ्यावे.

या भूमीचे आणखी काही धोके आहेत. बांधावरच्या बाभळींचे काटे रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात आणि कडेने चालणाऱ्या सायकलीचे चाक नेमके त्यांवरून जाते, म्हणून दर आठ-दहा किलोमीटरवर पंक्चर काढणारा आणि हवेचा पंप हे पाण्याच्या टाकीइतकेच आवश्यक आहेत. डिसेंबर-जानेवारी हा ऊसतोडीचा ऐन हंगाम असतो. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटेच्या धुक्यात मागे परावर्तक नसताना रस्त्यावर असतात, आणि सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरते. साखर कारखान्यांनी आणि पोलिसांनी त्या सकाळच्या तीन तासांपुरती ऊस वाहतूक थांबवली तर निम्मा धोका टळेल. सर्वांत मागून एक गाडी चालावी, तिच्यात थकलेला माणूस आणि मोडलेली सायकल दोन्ही बसावीत, आणि त्या गाडीत बसण्यात कमीपणा नाही हे आरंभीच सर्वांना सांगितलेले असावे.

आता प्रश्न उरतो तो निधी कशासाठी हा. परभणी जिल्ह्यात त्याचे सर्वांत नैसर्गिक उत्तर सायकल हेच आहे, आणि तीही मुलींची. गावात सातवीपर्यंत शाळा आणि आठवीसाठी चार-पाच किलोमीटरवरचे मोठे गाव, ही येथील असंख्य वाड्या-तांड्यांची स्थिती आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते, जे पूर्वी ३,५०० रुपये होते आणि नंतर ५,००० रुपये करण्यात आले. अशा योजनेचे फळ काय असते याचा काटेकोर अभ्यास बिहारबाबत झाला आहे. तेथे २००६ पासून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची योग्य वयातील पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली; शाळा जितकी दूर, तितका परिणाम ठळक. अंतर हेच अडचणीचे मूळ होते याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

सायकल मिळण्यासोबतच ती उघडपणे चालवण्याची मुभा मिळणेही महत्त्वाचे असते, आणि येथे गर्दीचे मोल कळते. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यास उत्तेजन दिले; शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीसेविका अशा हजारो स्त्रिया टोमणे सोसून, लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा पुरुषांच्या दांडीच्या सायकलींवर शिकल्या, आणि १९९२ च्या महिला दिनी पंधराशेहून अधिक जणी एकत्र शहराच्या रस्त्यावर उतरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या चळवळीची हकीकत देशापुढे मांडली. एकटी बाई सायकलवर निघाली तर तिच्याकडे वळून पाहणारे गाव पंधराशे जणींकडे तशा नजरेने पाहू शकत नाही. सेवाफेरीच्या पहिल्या गटात पुरस्कर्ते आणि पदाधिकारी यांऐवजी गेल्या वर्षी सायकल मिळालेल्या मुली असाव्यात, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे.

आर्थिक गणित अवघड नाही. पाचशे सहभागींपैकी प्रत्येकाने दहा परिचितांकडून प्रत्येकी दोनशे रुपये मिळवले तर दहा लाख रुपये होतात, आणि पाच हजारांच्या हिशेबाने त्यांतून दोनशे सायकली येतात. अवघड असते ती विश्वासार्हता. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे ती दरवर्षी घेतात, तेव्हा सायकल गटांनी ती टाळण्याचे कारण नाही. त्याहून मोठा प्रश्न खर्चाचा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील एड्सग्रस्तांसाठीच्या काही मोठ्या फेऱ्यांवर, जमलेल्या रकमेचा फार मोठा वाटा आयोजनातच जातो अशी कठोर टीका झाली. आणि सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही सात दिवसांची, ५४५ मैलांची प्रसिद्ध फेरीसुद्धा वाढता खर्च आणि घटता सहभाग यांमुळे जून २०२५ मध्ये शेवटची निघाली. टी-शर्ट, पदके, मंच, फलक आणि पाहुण्यांचे सत्कार यांवर देणगीतला एकही रुपया खर्च होऊ नये. नाश्ता गावांनी द्यावा, पंक्चरचे साहित्य दुकानदारांनी द्यावे, आणि जमा-खर्चाचा कागद जिल्हा परिषदेच्या प्रत्येक सहभागी शाळेच्या फळ्याशेजारी लावावा. जो गट हे करणार नाही त्याने फेरी काढली नाही तरी चालेल.

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड येथे पहाटे सायकल घेऊन निघणाऱ्या मंडळींना म्हणून एवढीच विनंती आहे. नव्या शैक्षणिक वर्षाची शाळा जूनमध्ये भरते, आणि त्या दिवशी आठवीच्या मुलीच्या हातात सायकल असायची असेल तर गरजू मुलींच्या याद्या मुख्याध्यापकांकडून दिवाळीनंतर लगेच घ्याव्या लागतील, धर्मादाय कार्यालयाची परवानगी नोव्हेंबरात मागावी लागेल, संकल्पनिधीच्या पावत्या डिसेंबरात फाडाव्या लागतील आणि फेरी संक्रांतीच्या आत काढावी लागेल. दिवाळीची सुट्टी संपताच आपल्या जवळच्या एका शाळेत जाऊन ती यादी मागावी.